कातळावर कोरलेलं नाव पुसता का येत नाही?

अणुस्कुरा घाट उतरून राजापूरच्या बाजूला गेलं की सडे सुरू होतात. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. पावसाळ्यात फुलांनी भरतं, दिवाळीनंतर गवत वाळलं की तव्यासारखं तापतं. कोल्हापुरातून कितीतरी जण हल्ली शनिवार-रविवारी गाडी काढून तिकडं कातळशिल्पं बघायला जातात. आम्हीही गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं येईल.

सड्यावर एका प्राण्याची आकृती होती, पाच-सहा पावलं लांब. खाच अंगठ्याएवढी रुंद आणि करंगळीचं एक पेर बुडेल इतकी खोल. फोटोत ठळक दिसावं म्हणून कुणीतरी त्या खाचेत पांढरी रांगोळी भरली होती. निम्मी वाऱ्यानं इकडंतिकडं पसरली होती. आणि पाठीचा बाक जिथं सुरू होतो, बरोब्बर तिथं दोन अक्षरं, मध्ये बदाम, खाली गाडीच्या नंबरप्लेटवर असतात तसले चार आकडे. टोकदार दगडानं खरवडलेले. जुनी खाच काळपट करडी, आणि हे नवं खरवडणं लालभडक, गुडघा सोलवटल्यावर दिसतं तसं.

भाचा अकरावीला आहे. खाली वाकून बघत म्हणाला, "मामा, हे पुसता येत नाही काय? पॉलिश पेपर मारला तर?"

प्रश्न पोरकट वाटला तरी मोठी माणसंही हेच विचारतात. २०२५ च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. तेव्हापासून तटाबुरुजांवरच्या नावांचा विषय चहाच्या टपरीवरही निघतो. आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "त्यात काय एवढं? चार कामगार लावा, घासून काढा." घासून का काढता येत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी, कातळशिल्प म्हणजे काय

माणसानं दगडावर जे काही काढलं त्याचे ढोबळमानानं दोन प्रकार. एक रंगवलेलं, त्याला आपण शैलचित्र म्हणू. मध्य प्रदेशातलं भीमबेटका हे त्याचं सगळ्यात माहितीचं उदाहरण. विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये ते जगापुढं आणलं, २००३ मध्ये ते जागतिक वारसा झालं. तिथं गेरूचा तांबडा आणि पांढरा रंग हजारो वर्षं टिकून आहे, कारण चित्रं खडकाच्या छपराखाली आहेत.

दुसरा प्रकार कोरलेल्या चित्रांचा. कोकणातली कातळशिल्पं यातली, आणि त्यांची गंमत अशी की ती भिंतीवर नाहीत, जमिनीवर आहेत. आकाशाकडं तोंड करून, ऊनपाऊस झेलत पडलेली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्या हत्तीच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. काही सड्यांवर गेंडा ओळखू येतो. आज कोकणात गेंडा औषधालाही सापडणार नाही, म्हणजे कोरणाऱ्याच्या डोळ्यापुढं वेगळंच कोकण होतं. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवून अशी शेकडो चित्रं नोंदवली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी, कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ अशी नऊ ठिकाणं गेली. तात्पुरती यादी म्हणजे उमेदवारी अर्ज. निकाल अजून लागायचा आहे.

चित्र दगडाच्या कातडीत असतं

घरात बिडाचा जुना तवा असेल तर तो आठवा. आजीच्या काळापासून त्यावर घावन झालेत, तेल मुरलंय, आणि वर एक काळा गुळगुळीत थर बसलाय. हा थर विकत मिळत नाही. नवी सून येते, तवा काळा दिसतो म्हणून तारेच्या घासणीनं लख्ख करते, आणि दुसऱ्या दिवशी घावन चिकटतं. तवा तोच आहे, गेली ती त्याची कातडी.

दगडालाही अशी कातडी असते. तिला राप म्हणू. जांभा तर त्यातला खास गडी. खाणीतून चिरा काढतात तेव्हा तो इतका मऊ असतो की हत्यारानं सरळ कापता येतो; वारं-ऊन लागलं की टणक होतो. ताजा चिरा तांबडा असतो आणि दोन-चार पावसाळे खाल्ले की काळा पडतो, हे कोकणातलं कुठलंही घर बघितलं तरी कळतं. दगडातलं लोह हवेशी-पाण्याशी खेळत वरच्या बाजूला कडक कवच धरतं. त्यावर शेवाळ येतं, वाळतं. वर दगडफूल चढतं. होय, आपल्या मसाल्यात पडतं तेच दगडफूल. ते इतकं सावकाश वाढतं की त्याच्या बऱ्याचशा जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतात. काही ठिकाणी शास्त्रज्ञ दगडफुलाच्या ठिपक्याचा आकार मोजून दगड कधी उघडा पडला याचा अंदाज बांधतात.

तर ज्यानं हा प्राणी कोरला, त्यानं हे कवच फोडून खाच केली. खाच तेव्हा त्या बदामासारखीच तांबडी दिसली असणार. मग शेकडो पावसाळ्यांत खाचेच्या आतही कवच धरलं, राप चढला, दगडफूल आलं. जुन्या खाचेचा रंग आज शेजारच्या सड्याच्या रंगात मिसळलेला दिसतो, तो या सगळ्याचा हिशोब आहे. चित्राची रेघ आणि त्या रेघेचं वय एकाच पापुद्र्यात साठलेलं असतं, आणि तो पापुद्रा काही ठिकाणी नखाएवढासुद्धा जाड नसतो.

मग घासून काढलं तर?

पॉलिश पेपरनं बदाम घालवायचा तर बदामाच्या खोलीपर्यंत आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग उतरवावा लागेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, कास्टिंगवर, म्हणजे ओतीव लोखंडी भागावर, शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छर्ऱ्यांचा जोरदार मारा, केला की वरची घाण जाते आणि घाणीबरोबर वरची कातडीही जाते. कास्टिंगला ते हवंच असतं, त्याच्या अंगावर नंतर रंग बसणार असतो. प्राण्याच्या पाठीवर तसं केलं तर बदाम जाईल आणि त्याच्या जागी एक मोठा लालभडक चट्टा राहील. नाव लिहिणाऱ्यानं चार बोटं खराब केली होती, साफ करणारा हातभर खराब करून जाईल.

हे मी नुसतं तर्कानं बोलत नाही. करवीर तालुक्यातल्या एका गावात, नाव नको, पाराजवळ तीन वीरगळ उभे होते. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड: खालच्या कप्प्यात लढाई, मधे अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगापुढं बसलेला. काही उत्साही पोरांनी एका रविवारी स्वच्छता मोहीम काढली. मनापासून काढली, घरून डबे घेऊन आली होती. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून त्यांनी तिन्ही दगड चकाचक केले. मी नंतर गेलो तेव्हा दगड खरंच नवा दिसत होता. फक्त अप्सरांना चेहरे नव्हते. नाक-डोळे म्हणजे तिथं गव्हाच्या दाण्याएवढा उठाव होता, तो ब्रशखाली गेला. त्या पोरांवर मला रागावताही आलं नाही. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

स्प्रेच्या रंगाचं दुखणं वेगळं. जांभा आंबोळीसारखा असतो, अंगभर छिद्रं. रंग वर बसत नाही, आत शिरतो. त्यावर थिनर ओतला की रंग पातळ होऊन आणखी खोल जातो. पांढऱ्या शर्टावर तांबडा रस्सा सांडला आणि ओल्या रुमालानं घासलं की काय होतं? डाग फिका होतो आणि पसरतो. म्हणून जाणकार संवर्धक घासत नाहीत, लेप लावतात. शोषून घेणारी माती किंवा कागदाचा लगदा योग्य द्रावणात भिजवून डागावर थापायचा, आणि सुकता सुकता त्यानं रंग बाहेर ओढायचा. आधी कोपऱ्यातल्या टिचभर जागेवर प्रयोग, मग पुढं. काही ठिकाणी लेसर वापरतात. एवढं करूनही सगळा रंग निघेलच असं नाही.

आणि खरवडलेल्या नावाला तर लेपही नाही. काढायचं काय? तिथं काही चिकटलेलं नाही, तिथला दगडच गेलाय. फार तर त्या लाल रेघा रंगछटा जुळवून डोळ्याआड करता येतात.

"आम्ही काही कोरलं नाही, नुसती रांगोळी भरली"

रांगोळी, खडू, चुना, पीठ, नुसतं पाणी. फोटोसाठी लोक काय काय भरतात. हे लोक वाईट नसतात, उलट चित्र नीट दिसावं अशीच त्यांची इच्छा असते. पूर्वी अभ्यासकसुद्धा सर्रास खडू वापरायचे, हे कबूल करायला हवं.

पण रांगोळी म्हणजे दळलेला दगडच. ती छिद्रांत बसते आणि पुढच्या पावसात सगळीच्या सगळी निघत नाही. पीठ टाकलं की मुंग्या आणि बुरशी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रांगोळी भरणारा स्वतःच्या मनानं रेघ ठरवतो. झिजलेल्या जागी शेपूट आहे की नुसती नैसर्गिक भेग, हे अभ्यासकाला ठरवायचं असतं. तुम्ही तिथं पांढरी रेघ ओढली की पुढचे शंभर जण फोटोत शेपूट बघतात, त्यातला एक ती रेघ दगडानं गिरवतो, आणि शेपूट कायमची होते.

चालण्याचंही तसंच. चित्र जमिनीवर असल्यामुळं लोक नकळत त्यावर उभे राहतात, काही ठिकाणी तर दुचाकी थेट वर जाते. पेरू देशातल्या नाझ्काच्या रेषा, म्हणजे वाळवंटात जमिनीवरच काढलेल्या प्रचंड जुन्या आकृत्या, काळपट खडे बाजूला सारून खालची फिकी जमीन उघडी करून काढलेल्या आहेत. २०१४ च्या डिसेंबरात ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते तिथं हमिंगबर्ड पक्ष्याच्या आकृतीशेजारी संदेशाची कापडी अक्षरं अंथरायला गेले. पृथ्वी वाचवा म्हणायला गेलेले लोक, आणि त्यांच्या पावलांचे ठसे तिथं उमटून राहिले. वाळवंटात पाऊसच नाही, पुसणार कोण?

मग फोटो काढायचा कसा, तर तिरप्या उजेडात. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो, खाचेत सावली पडत नाही, चित्र दिसत नाही, आणि म्हणूनच लोक रांगोळी काढतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. सूर्य खाली असला की प्रत्येक खाच स्वतःची सावली स्वतः भरते.

वय काढताना आपला हात कसा आडवा येतो

रंगवलेल्या चित्रात कोळसा वापरला असेल तर कार्बनवरून वय काढता येतं. झाड जिवंत असताना हवेतून कार्बन घेतं, त्यात कार्बन-१४ नावाचा किंचित किरणोत्सारी भाग असतो. झाड तोडलं की आवक बंद. नोकरी सुटलेल्या माणसाच्या बचत खात्यासारखं. जमा होत नाही, फक्त कमी होत जातं, आणि दर ५,७३० वर्षांनी शिल्लक निम्मी. शिल्लक बघून नोकरी कधी सुटली ते सांगायचं.

आता या खात्यात कुणीतरी बाहेरून व्यवहार केला तर? दिव्याचं तेल, तूप, हाताचा घाम यात आजचा कार्बन असतो, तो मिसळला की चित्र आहे त्यापेक्षा तरुण वाटतं. पेट्रोलियमपासून बनलेल्या रंगातला कार्बन-१४ लाखो वर्षांपूर्वीच संपलेला, त्यानं उलट चित्र म्हातारं वाटतं. थोडीशी भेसळही पुरते.

दुसरी एक पद्धत आहे, युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून. काही गुहांत चित्रावर पाणी झिरपून चुन्याचा थर बसतो, पाणी तापवायच्या बंबात आतून क्षार धरतो तसलाच. तो थर चित्रानंतर बसला, म्हणजे थराचं वय कळलं की चित्र त्याहून जुनं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका चित्राचं वय २०२४ मध्ये असंच निघालं, किमान ५१,२०० वर्षं. चित्र नीट दिसावं म्हणून कुणी तो थर खरवडला असता, तर घड्याळच कचऱ्यात गेलं असतं.

कोकणातल्या कोरीव चित्रांत ना कोळसा ना चुन्याचा थर. म्हणून तिथलं काम जास्त अवघड. जवळपास सापडणारी दगडी हत्यारं, कोरलेले प्राणी, कोरण्याची धाटणी आणि खाचेची अवस्था, एवढ्यावरच भिस्त. काही अभ्यासक ही चित्रं दहा हजार वर्षांपर्यंत मागं नेतात, सगळ्यांचं त्यावर एकमत नाही. वाद मिटवणारा पुरावा मिळाला तर तो त्या खाचेच्या तळातून किंवा आसपासच्या मातीतूनच मिळणार. म्हणजे जिथं आपण रांगोळी ओततो तिथूनच.

"जॉन स्मिथचं नाव इतिहास, आणि माझं नाव गुन्हा?"

हा प्रश्न मला आवडतो, कारण तो बिनतोड वाटतो. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानं अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात पोचला, आणि त्यानं खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख खरवडली. आज गाईड ते नाव दाखवतात. लेण्यात तेव्हा ढिगारा साठला होता आणि तो त्यावर उभा होता, म्हणून ते नाव आता आपल्या डोक्याच्याही वर आहे.

ते नाव आपल्याला उपयोगी पडतं, नाकारत नाही. पण त्याखालचं चित्र गेलं ते गेलंच. आणि स्मिथला एक सवलत देता येते जी आपल्याला देता येत नाही: आपण कशावर खरवडतोय हे त्याला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. आपल्याला सांगणारा फलक बऱ्याचदा चार फुटांवर असतो, आणि त्या फलकावरही नाव कोरलेलं असतं.

याच प्रश्नाची पुढची फांदी: भीमबेटक्यात तर जुन्या लोकांनीच एकमेकांच्या चित्रांवर चित्रं काढलीत, मग? खरंय, एकावर एक थर आहेत. पण ते थर टाकणारे त्याच डोंगरात राहणारे, त्याच जागेला मानणारे होते, आणि त्या थरांच्या क्रमावरूनच आज आपण आधी काय आणि नंतर काय ते ओळखतो. बदाम आणि चार आकड्यांवरून पुढच्या अभ्यासकाला काय कळेल? एकाकडं गाडी होती, एवढंच.

"गावकरी शेंदूर लावतात, ते चालतं?"

इथं मी जरा जपून बोलतो. कुडोपीच्या जागेला गावात बावल्यांचं टेंब म्हणतात. आपल्याकडं वीरगळाला कुणी खंडोबा समजतं, कुणी म्हसोबा. पुरातत्त्व खात्याची माणसं येण्याआधी शेकडो वर्षं या दगडांची काळजी कुणी घेतली असेल तर त्या भीतीनं आणि भक्तीनंच. देवाचा दगड म्हणून तो कुणी पायरीला नेला नाही. शहरातून जाऊन त्यांना शहाणपण शिकवणं मला जमत नाही.

तरीही दगडाला हेतू कळत नाही. पारंपरिक शेंदूर-तेलाचे थर वेगळे, आणि हल्ली डब्यातून येणारा ऑइल पेंट वेगळा. २०१९ चा महापूर ओसरल्यावर आपल्याकडं कितीतरी घरांत भिंतींचा रंग फुगून पापुद्रे सुटले, लोणा लागला. ऑइल पेंट मारलेल्या दगडात असंच होतं. जमिनीतून ओल वर चढते, बाहेर पडायला वाट मिळत नाही, पाण्यातला क्षार रंगाच्या मागं साठून स्फटिक होतो आणि फुगतो. फुगताना रंगाबरोबर दगडाचा पापुद्राही घेऊन गळतो. देव चकचकीत दिसतो आणि आतून भुगा होत असतो. गुरवाशी, पुजाऱ्याशी बसून बोललं की शेंदराची बोटं पायापुरती ठेवायची आणि पेंटचा डबा बंद करायचा, एवढ्यावर तोड निघू शकते. बोलायला मात्र वेळ द्यावा लागतो. फोटो काढून निघून जाणाऱ्याचं ते काम नव्हे.

"पुसट झालंय, जरा गिरवलं तर बिघडलं कुठं?"

नॉर्वेच्या ट्रो नावाच्या बेटावर बर्फावरून घसरत जाणाऱ्या माणसाची सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आकृती कोरलेली आहे. १९९४ च्या लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकची चिन्हं तिच्यावरून स्फुरली, इतकी ती प्रसिद्ध. २०१६ मध्ये दोन मुलांनी टोकदार वस्तूनं तिच्या रेघा गिरवल्या. त्यांना नासधूस करायची नव्हती. आकृती नीट दिसत नाही, लोकांना दिसावी, एवढंच मनात होतं. चूक कळल्यावर ती स्वतः पुढं आली आणि माफी मागितली. माफी मिळेल, रेघ परत मिळणार नाही. जिथं मूळ कोरणाऱ्याचा घाव होता तिथं आता त्यांचा आहे.

कायदा काय म्हणतो

१९५८ चा केंद्राचा पुरातन वास्तू कायदा आहे. त्यातल्या कलम ३० नुसार संरक्षित वास्तू विद्रूप केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१० च्या दुरुस्तीआधी हीच शिक्षा तीन महिने किंवा पाच हजार रुपये होती. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा.

यातला कळीचा शब्द 'संरक्षित'. सरकारनं अधिसूचना काढून जाहीर केलेली जागाच या कायद्याच्या छत्रीखाली येते. देशभरात केंद्राच्या यादीत अशा साडेतीन हजारांहून जास्त वास्तू आहेत, पन्हाळा त्यात आहे. पण कोकणातले बरेच सडे खासगी मालकीचे आहेत. मालकाला तिथं कलमं लावायची असतात, चिऱ्याची खाण काढायची असते, आणि रीतसर परवाना काढला की त्यात बेकायदा असं काही नसतं. नाव कोरणाऱ्यानं हातभर जागा नासवली तर जेसीबी एका सकाळी अख्खा कळप साफ करतो, आणि त्याची बातमीही होत नाही. २०२३ मध्ये बारसूचा सडा रिफायनरीच्या वादामुळं गाजला तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की तिथं चित्रं आहेत.

नुसत्या शिक्षेवर माझा फार विश्वास नाही. निर्जन सड्यावर साक्षीदार कोण, टिटवी? मालकाला चित्र राखण्यात चार पैसे दिसले, येणाऱ्यांची न्याहारी, वाहनतळ, वाटाड्या, तर तो कुठल्याही चौकीदारापेक्षा जास्त जागा राहील.

"मग सरळ कुंपण घालून बंद करा"

काही ठिकाणी घालावंच लागतं. पण कुंपण म्हणजे गॅरंटी नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूनाल्डा गुहेत मऊ चुनखडीच्या भिंतीवर वीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लोकांनी बोटांनी रेघा ओढल्यात. गुहेला कुंपण होतं. तरी कुणीतरी आत शिरून त्या रेघांवर अक्षरं खरवडली, २०२२ मध्ये ते जगजाहीर झालं. भिंत इतकी मऊ की अक्षरं काढायला जावं तर रेघाही जातात.

आणि नुसत्या चांगल्या माणसांच्या गर्दीनंही वाट लागते. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली, आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. कुणी नाव कोरलं म्हणून नाही. दिवसाला हजारावर माणसं आत येऊन श्वास घेत होती, त्या ओलाव्यानं आणि कार्बन डायऑक्साइडनं भिंतींवर हिरवं शेवाळ आणि पांढरा थर धरला. १९८३ मध्ये शेजारीच हुबेहूब नक्कल उभारली, आजही लोक नक्कल बघायला रांगा लावतात.

नक्कल बघायला कोण जाणार, असं म्हणणाऱ्यानं कणेरी मठावर जाऊन यावं. सिद्धगिरी म्युझियमात सिमेंटचा कुंभार, सिमेंटचा न्हावी, सिमेंटची मोट बघायला आपण पाव्हण्यांना घेऊन तिकीट काढून जातोच की. कोकणातल्या मोठ्या आकृत्यांची त्याच मापाची नक्कल एखाद्या रस्त्याकडेच्या सड्यावर केली आणि पोरांना तिथं खुशाल रांगोळी भरू दिली, तर मला तरी त्यात काही कमीपणा वाटणार नाही.

समोर असं काही दिसलं तर

हात लावू नका, पुसू नका, पाणी ओतू नका. जवळून एक आणि लांबून एक फोटो काढा, शेजारी पेन किंवा किल्ली ठेवून, म्हणजे माप कळतं. मग जिल्ह्याच्या प्रशासनाला, पुरातत्त्व खात्याला किंवा गावच्या सरपंचाला कळवा. रंग ताजा असेल तर लवकर कळवण्यात अर्थ आहे, दिवस जातील तसा तो खोल बसतो. आणि समाजमाध्यमावर टाकताना जागेचा ठावठिकाणा टाकू नका. राखणदार नसलेल्या चित्राचा पत्ता दहा हजार लोकांना देणं म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जातोय असं स्टेटस ठेवणं. सुरुवातीला गावाचं नाव टाळलं ते यासाठी.

त्या दिवशी आम्ही सरपंचांना फोन केला. त्यांनी "बघतो" म्हटलं आणि मग स्वतःच दुचाकीवरून आले. त्यांचे वडीलही आले होते, डोक्याला पटका. ते म्हणाले, या जनावराला आम्ही लहानपणी वाघ म्हणायचो. भाचा म्हणाला, आजोबा, डुक्कर वाटतंय. तोवर साडेपाच होत आले होते. सूर्य सड्याला टेकायला आला तशी रांगोळीच्या पलीकडची, कुणी भरलेली नसलेली एक रेघ हळूहळू उठून दिसायला लागली. पाठीच्या मागून वर वळलेली. भाच्यानं मोबाईलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरला.

"शेपूट हाय," तो म्हणाला.

"मग वाघच," म्हातारबाबा म्हणाले, आणि बिडी पेटवायला सड्याच्या कडेला जाऊन बसले.